तो गुलाब, ते भाऊजी

माणूस दारात उभा राहिला, की तो कशासाठी आलाय हे मी त्यानं तोंड उघडायच्या आत सांगते! ही बढाई नाही, माझी रोजीरोटीच ती आहे. एका मोठ्या दुकानात 'परत आलेला माल' अशा पाटीखाली मी बसते. इस्त्री आपोआप जळाली म्हणणारे, एकदाही न घालता बूट झिजले म्हणणारे, समारंभ उरकून अत्तराच्या घमघमाटासकट कोट आणून 'मापात बसला नाही हो' म्हणणारे, सगळे माझ्यासमोर येतात. माणूस अजून पायरीवर असतो, तेव्हाच मला कळलेलं असतं की याचं खोटं कितव्या वाक्याला सुरू होणार!

घरच्या माणसांनाही मी याच मापानं जोखते. आमचे हे 'बघतो' या खात्यात कायमचे जमा. नळ गळतोय म्हटलं की 'बघतो' म्हणतात, जाऊन खरंच बघतात आणि परत येऊन बसतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांचा माल अस्सल. पण कौतुकाचं पॅकिंग इतकं जाड, की आत वस्तू केवढी हे शोधत बसावं लागतं. आणि धाकटे दीर, म्हणजे भाऊजी! भाऊजी दातांच्या कवळ्या बनवतात. हात इतका बारीक, की म्हाताऱ्यांना तरुणपणी होते त्यापेक्षा चांगले दात मिळतात. पण घरी आले की सोफ्यावर असे काही पसरतात, की सोफा कुठे संपतो आणि भाऊजी कुठे सुरू होतात हे बघायला दिवा लावावा लागतो.

तर अशा भाऊजींचं लग्न ठरायच्या बेतात होतं! मुलगी चष्म्याच्या दुकानात नोकरीला. दिवसभर लोकांची नजर तपासते, तरीही तिला भाऊजी आवडले. आता यावर मी काय बोलणार!

अडचण एकच होती, काका. मुलीला लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं. 'काका हो म्हणाले तरच लग्न,' असं ती म्हणत होती आणि 'ती नाही तर कुणीच नाही,' असं भाऊजी सोफ्यावरून म्हणत होते. म्हणजे काकांनी मान नकारार्थी हलवली, की भाऊजी आणि सोफा आमच्या मधल्या खोलीत जन्मभर! आणि काका कोण, तर निवृत्त वजनमाप निरीक्षक. उभी हयात दुकानांत न सांगता शिरून तराजू तपासण्यात गेलेली. ते रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येणार होते.

"घर कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे," आई म्हणाल्या.

"अंगण माझ्याकडे लागलं!" मी म्हणाले. "त्या गुलाबाला मी असा वळणावर आणते, की काका बघत राहतील!"

इथेच सगळं फिसकटलं.

हा गुलाब आईंनी लावलेला. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. वेली गुलाब म्हणून आणला, तेव्हा पेनाएवढा होता. आता भिंत ओलांडून तो शेजारच्या बाईंच्या गॅलरीत घुसला होता. पानं उदंड, काटे त्याहून उदंड, फुलं मात्र मोजकी, आणि तीही शेजारच्यांच्या बाजूला! बुंध्याशी कलमाच्या खालून रानटी फुटवे आलेले, मधे वाळलेल्या काटक्यांचं जाळं. आई त्याला सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घालायच्या आणि "कसा गं बाई तरारलाय!" म्हणायच्या.

मी मोबाइलवर दाढीवाल्या एका बागवाल्याचे व्हिडिओ बघितले. त्याचं म्हणणं असं, की छाटणीच्या आधी गुलाबाला ताण द्यायचा. ताण म्हणजे पाणी तोडायचं. झाड घाबरतं, पानं टाकतं, झोपी जातं. मग त्याला छाटायचं, म्हणजे ते दचकून उठतं आणि भरभरून फुलतं. मला हे फार पटलं. माणसांनाही हे लागू पडतं असं माझं मत आहे.

"पण छाटल्यावर फुलं यायला दीड-दोन महिने लागतात, असं तोच म्हणाला ना?" ह्यांनी विचारलं. "रविवारी काय फुलणार?"

"नाही फुलला तरी शिस्तीत तर दिसेल!"

मी पाणी तोडलं. आई चोरून तांब्यानं घालायला निघाल्या, तर तांब्याच लपवला. घरात गुलाबापेक्षा जास्त ताण आईंनाच आला. मग एका सकाळी मी मोठी कात्री घेऊन अंगणात उतरले.

दाढीवाला म्हणाला होता, 'बाहेरच्या बाजूचा डोळा शोधा आणि त्याच्या जरा वर तिरका छाट घ्या.' डोळा म्हणजे फांदीवरची ती बारीक फुगीर टिकली, जिथून नवा कोंब फुटतो. व्हिडिओतल्या गुलाबाला डोळेच डोळे होते. आमच्या गुलाबाला एक सापडेल तर शपथ! वर नाही, म्हणून जरा खाली छाटलं. तिथेही नाही, म्हणून आणखी खाली. त्यात बाहेरची बाजू म्हणजे झाडाच्या बाहेरची की आमच्या घराच्या बाहेरची, हे त्या दाढीवाल्यानं सांगितलंच नव्हतं! मी डोळा शोधत खाली येत राहिले, गुलाब लहान होत राहिला. शेवटी जमिनीतून वर आलेले वीतभर लांबीचे चारपाच खुंट तेवढे उरले, आणि सगळ्या हातांवर ओरखडे.

छाटलेल्या टोकांतून कीड शिरू नये म्हणून ती बंद करायची असतात. घरात तसलं काही नव्हतं. पण भाऊजींच्या कामाचं मेण होतं, कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात ते. मी ते वितळवून प्रत्येक टोकाला लावलं. गुलाबी रंगाचं! आमच्या गुलाबाला त्या वर्षी आलेला गुलाबी रंग तेवढाच.

"अहो, बघा तरी," मी ह्यांना म्हणाले.

ह्यांनी बघितलं. "हसतोय असं वाटतं," म्हणाले आणि परत जाऊन बसले.

आईंनी मात्र खिडकीतून एकदा पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फक्त मीठ-तिखटापुरतं बोलू लागल्या.

शनिवारी सकाळी खुंटांची साल काळी पडायला लागली, तेव्हा माझं धाबं दणाणलं. मी एका रोपवाटिकेला फोन लावला, फोटो पाठवले. पलीकडून आवाज आला, "बाई, फोटोवरून नाही कळत. दुपारी स्वतः येऊन बघतो."

दुपारी आई आणि हे बाजारात गेले होते, भाऊजी कामावर होते. बेल वाजली. दार उघडलं, तर पायरीवर एक गृहस्थ. हातात छत्री, खिशाला पेन, पायांत जाड तळव्याचे धुळकट बूट. मी बुटांकडे एकच नजर टाकली आणि मनात म्हटलं, माती! रोपवाटिका!

तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कळलंच असेल ते कोण. मला नाही कळलं! काका रविवारी येणार आणि आज शनिवार, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. जन्मभर जो माणूस दुकानांत न सांगता शिरला, तो पुतणीच्या लग्नाच्या चौकशीला बरा सांगून येईल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही!

"नमस्कार," ते म्हणाले. "जरा त्याची चौकशी करायला आलो होतो. आगाऊ सांगितलं नाही, पण..."

"अहो, तुमचीच वाट बघतेय! या, बसा. फोटो बघितलात ना?"

"बघितला. पण फोटोवरून काय कळतं?"

"फोनवरही हेच म्हणालात! आधी दाखवू, की आधी सगळं सांगू?"

फोनचं ऐकून त्यांच्या कपाळावर एक आठी आली, पण तेव्हा मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"आधी सांगा. घरात आणखी कोणी?"

"कोणी नाही."

"मग बरंच. मोकळेपणानं बोलता येईल." ते खुर्चीत पुढे सरकले. "हं. मुलगा कसा आहे? अगदी खरं खरं सांगा."

मुलगा! मला भरून आलं. याला म्हणतात झाडांचा माणूस! लोक रोप म्हणतात, झाड म्हणतात, आणि हे मुलगा म्हणतात!

"तुम्ही मुलगा म्हणालात, मग तुमच्यापासून काय लपवायचं?" मी म्हणाले. "मुलासारखाच वाढवलाय आम्ही. आणि तिथेच चुकलं! नुसता उंच झालाय. आत काही नाही."

"हं," ते म्हणाले. "हे थोडं कानावर होतं."

"टेकायला काही मिळालं की तिथेच पसरतो. आधार काढला की लोळतो."

"हेही कानावर होतं." त्यांनी घसा खाकरला. "एक विचारतो, राग मानू नका. पितो का?"

किती गोड भाषा! पाणी किती लागतं असं कोरडं विचारलं नाही, 'पितो का'!

"पितो का म्हणजे? द्याल तेवढं पितो! सकाळी एक बादली, संध्याकाळी एक."

"बादली!"

"सगळे सासूबाईंचे लाड. पाजतात आणि वर म्हणतात, कसा तरारलाय! आतून सडायला लागला, तेव्हा मीच सगळं बंद केलं. म्हटलं, आता ताण दिल्याशिवाय सरळ यायचा नाही."

"तुम्ही ताण दिलात?"

"दिला! एक थेंब मिळू दिला नाही. दोन दिवसांत मान टाकली पठ्ठ्यानं."

गृहस्थांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "आणि बाहेर... म्हणजे बाहेर कुठे... लक्ष?"

"अहो, सगळं लक्ष बाहेरच! आमच्याकडे ढुंकून बघत नाही. पूर्ण वेळ शेजारच्या बाईंच्या गॅलरीत! आमच्या वाट्याला काटे आणि फुलं त्यांना! एकदा तर त्यांचा गाउन फाडला!"

ते खुर्चीतून अर्धवट उठले. "गाउन? आणि त्यांचे मिस्टर काही बोलले नाहीत?"

"बोलतात कसले! कात्री घेऊन आले होते. मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता, आमचा आहे, आम्हीच छाटू. आणि छाटला! फार माजला होता. पण त्यात माझी काय दशा झाली बघा!" मी दोन्ही बाह्या वर केल्या.

माझ्या हातांवरचे ओरखडे बघून ते पांढरेफटक पडले. "हे त्यानं केलं?"

"दुसरं कोण करणार? जवळ गेलं की असंच."

"अहो, मग तुम्ही त्याला घरात ठेवता कशाला?"

"उपटूनच टाकणार होते. आई रडायला लागल्या."

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "त्याचं मूळ तरी?"

"मूळ रानटी. वरचा भाग तेवढा चांगला, तोही बाहेरून आणून जोडलेला."

हे त्यांना झेपलं नसावं. त्यांनी छत्री उचलली. "बाई, तुम्ही जे सांगितलंत ते कोणी सांगत नाही. विचार करून कळवतो."

"विचार कसला करता? नेणार असाल तर आजच न्या! मी स्वतः बांधून देते!"

"नको, नको!" म्हणत ते झपाझप पायऱ्या उतरले. मी म्हटलं, माणूस हळवा दिसतोय, झाडाचे हाल ऐकवले नाहीत त्याला. बघायचं मात्र विसरूनच गेला!

मी कात्री घेऊन मागच्या अंगणात जाते न जाते, तोच फोन वाजला.

"बाई, रोपवाटिकेतून बोलतोय. गाडी बंद पडली होती, आता निघालोय. तुमचं घर चौकाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अहो, तुम्ही तर आत्ता येऊन गेलात!"

"मी? छे! मी अजून गाडीतच आहे."

पायांखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मग ते कोण? छत्री, पेन, 'मुलगा कसा आहे', 'कानावर होतं'... आणि बूट! दुकानं पालथी घालत जन्म गेलेल्या माणसाचे बूट! मी त्यांना सांगितलं होतं, की भाऊजी बादलीनं पितात, शेजारणीचा गाउन फाडतात आणि वहिनीला ओरबाडतात!

मी धावले. चपला घातल्या की नाही, आठवत नाही. हातात कात्री तशीच होती, हे मात्र नंतर अख्ख्या गल्लीनं मला सांगितलं. काका बस थांब्याच्या जवळ पोचले होते. मी ओरडले, "अहो, थांबा!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल? केस विस्कटलेली, हात ओरबाडलेली, हाताएवढी कात्री परजत येणारी बाई! काका चालायचे ते पळायलाच लागले. भाजीवाला गाडी सोडून बाजूला झाला. एका सायकलवाल्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्यामागे उभा राहिला. तेवढ्यात बस आली, काका आत शिरले. दार बंद होता होता मी कात्री मधे घातली.

"बाई, आधी ते हत्यार खाली ठेवा," चालक म्हणाला.

"ठेवते! पण बस हलवू नका! एका माणसाच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

लग्न म्हटल्यावर बस कोण हलवतो! सगळी बस माझ्याकडे वळली. काका सगळ्यांत मागच्या बाकावर छत्री आडवी धरून बसले होते.

"काका, घोटाळा झाला! मी सांगितलं तो तो नव्हताच! तो दुसरा!"

"दुसरा? म्हणजे असे दोन आहेत घरात?"

"दोन नाहीत, एकच आहे! म्हणजे दोन आहेत, पण पितो तो वेगळा!"

"बादलीनं पितो तो?"

"हो! पण तो गुलाब आहे!"

"गुलाब?" काकांनी डोळे बारीक केले. "आम्हाला मुलाचं नाव वेगळं सांगितलंय."

"नाव नाही हो! झाड! काट्यांचं! अंगणातलं!"

"झाड शेजारच्या बाईंच्या गॅलरीत जातं?" काकांनी विचारलं.

"जातं हो काका, फांद्या जातात!"

"आणि गाउन?"

"काट्यांनी फाटला!"

"मग ठीक आहे," पुढच्या सीटवरच्या एक आजी काकांकडे वळून म्हणाल्या. "जा बाबा, बघून ये. एवढी पळत आलीय बिचारी."

काका उठले. पण त्यांचा चेहरा मला आवडला नाही. भाऊजींवरचं किटाळ दूर झाल्यावर माणसानं सुटकेचा श्वास टाकायला हवा ना? काका उलट आणखीच गंभीर झाले.  मी मात्र रस्ताभर बोलतच होते. "काका, तुम्हाला संशय कसा नाही आला? मी भाऊजींना आयुष्यात अरेतुरे केलेलं नाही. मी 'तो तो' म्हणत होते, ते गुलाबाला!"

"मला कुठून कळणार?" काका म्हणाले. "मी म्हटलं, वहिनी दिराला 'तो' म्हणतेय, म्हणजे घरात मोकळेपणा दिसतोय."

घरी पोचलो, तर मधल्या खोलीत आमचे ठेवणीतले कप निघाले होते! आई आणि हे बाजारातून परत आले होते, भाऊजी कामावरून आले होते आणि सोफ्यावर मधोमध एक अनोळखी इसम बिस्किटं खात बसला होता. रोपवाटिकेवाला! आईंनी दार उघडलं, 'बघायला आलोय' असं तो म्हणाला, आणि आईंनी त्याला काका समजून आत घेतलं. भाऊजींना भांग पाडून त्याच्यासमोर उभं केलं होतं.

"घ्या ना आणखी," आई म्हणत होत्या. "आणि काय विचारायचं ते मोकळेपणानं विचारा."

"कीड कधी लागली?" त्यानं बिस्किट बुडवत विचारलं.

"कीड? आमच्या घराण्यात?"

"लागते हो, वेळीच लक्ष दिलं नाही की. माझ्याकडचं शेणखत टाका, सगळ्यावर तेच औषध. किती पोती उतरवू?"

"पोती? आई, हे मला खत घालणार आहेत का?" भाऊजी म्हणाले.

"आई, हे काका नाहीत!" मी ओरडले. "काका हे आहेत!"

आईंनी एकदा ह्याला पाहिलं, एकदा त्यांना पाहिलं आणि पहिल्याच्या पुढ्यातली बशी उचलून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवली. माझ्याशी त्या आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलल्या, "तुझ्या त्या गुलाबापायी अजून काय काय बघायचंय मला!"

"आधी गुलाब दाखवा," काका म्हणाले.

सगळी वरात मागच्या अंगणात गेली. काका खुंटांसमोर उकिडवे बसले. एका खुंटाला बोट लावलं. बोटाला गुलाबी मेण लागलं, ते त्यांनी हुंगलं. रोपवाटिकेवाल्यानं मागून डोकावून पाहिलं आणि "हे कोणी केलं?" असं विचारलं.  सगळे माझ्याकडे बघत होते, त्यात उत्तर आलंच.

"पटलं ना, काका?" मी म्हणाले. "भाऊजींचं यात काही नाही!"

"पटलं," ते उठत म्हणाले. "आणि वाईट वाटलं."

"वाईट?"

"बाई, जन्मभर मी एकच गोष्ट पाहिली. विकणारा वजन नेहमी जास्तच सांगतो. पुतणीसाठी ज्या ज्या घरी गेलो तिथे मुलगा हिरा! मग मी तुमच्याकडे आलो. घरातली सून स्वतः सांगते, मुलगा लोळतो, पितो, आत पोकळ आहे! मी थांब्यापर्यंत मनात म्हणत होतो, मुलगा घेण्यासारखा नाही, पण घर काय खरं आहे! मुलगी द्यावी तर अशा घरात." त्यांनी खुंटांकडे छत्री दाखवली. "आता कळलं, की तुम्ही खरं बोललात ते झाडाबद्दल. मुलाचं अजून काहीच सांगितलेलं नाहीत. तर आता सांगा. मुलगा कसा आहे?"

 आई काकांच्या मागे उभ्या राहून मला ओठांनी 'हिरा, हिरा' असं सुचवत होत्या. हे आभाळाकडे बघत होते. भाऊजींनी भांगावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की दगडालासुद्धा पाझर फुटावा. त्यांचं सगळं आयुष्य त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं, आणि माझी मधली खोलीसुद्धा!

मी तोंड उघडलं. "भाऊजी म्हणजे अगदी सोन्यासार..."

काकांची डावी भुवई अर्धा इंच वर गेली. मला ती भुवई ओळखीची होती. माझ्या काउंटरवर 'एकदाही घातला नाही हो' ऐकताना माझी स्वतःची भुवई तश्शीच जाते!

मी गिळला तो सोन्याचा शब्द. डोळे मिटले.

"काका, तो पितो, ते पीत नाहीत. बाकी जसा तो, तसे ते!"

"वहिनी!" भाऊजी किंचाळले.

"टेकायला सोफा मिळाला की पसरतात. हलवलं नाही तर हलत नाहीत. लाड जास्त झालेत. पण मनानं वाईट नाहीत, आणि हातातलं काम असं करतात, की त्यांनी बनवलेले दात आमच्या काउंटरवर असते, तर एकही परत आला नसता."

आईंनी पदराचं टोक तोंडात धरलं.  काकांनी खिशातलं पेन काढून उगाचच परत खिशाला लावलं. बहुधा सही करायची सवय असावी.

"सोफ्याचं पुतणीनं सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "तिच्याकडचं वजन आणि तुमच्याकडचं वजन, बरोब्बर जुळलं! माझ्याकडून होकार."

आई रडल्या, ह्यांनी काकांचा हात इतका वेळ हलवला, की शेवटी काकांनाच तो सोडवून घ्यावा लागला, आणि रोपवाटिकेवाल्यानं त्या आनंदात आम्हाला शेणखताची पोती खपवली. काकांना दारापर्यंत पोचवून आले, तर सोफ्यावर भाऊजी. पण पसरलेले नव्हते, ताठ बसले होते.

"झालं ना मनासारखं?" मी म्हणाले. "आता तरी हसा!"

"वहिनी," ते कळवळून म्हणाले, "तुम्ही नुसतं पिणंच वगळलंत हो. शेजारच्या गॅलरीचं कोण वगळणार?"

 बाकी जसा तो, तसे ते! आणि काका तर 'वजन जुळलं' म्हणून गेले होते!

आता लग्न पक्कं झालंय. होणारी जाऊबाई अधूनमधून घरी येते, गोड मुलगी आहे. पण आली की आधी मागच्या अंगणात जाते, चष्मा नीट बसवते आणि शेजारच्या गॅलरीकडे बघत उभी राहते. त्या बाईंनी सत्तरी कधीच ओलांडली आहे आणि त्यांच्या तोंडातली कवळीही भाऊजींच्याच हातची आहे. मी तिला तसं सांगणारही होते. पण गॅलरीत कोणी दिसलं नाही, की ती आत येऊन भाऊजींना सोफ्यावरून उठवते आणि फिरायला घेऊन जाते. मधली खोली तासभर रिकामी होते हो! म्हटलं, विचारल्याशिवाय आपण होऊन कशाला बोला?